कोरडे फडके

आमच्या घराण्यात मोटारगाडी प्रथम आली ती आमच्या थोरल्या बंधूंच्या दारी, सन २०१५ मध्ये, आणि आली ती काळीकुळकुळीत. मातोश्री त्या वेळी हयात होत्या. त्यांनी गाडीस हळदकुंकू वाहिले, चारही चाकांखाली लिंबे ठेवविली आणि मग हलकेच विचारले, "दुसरा रंग शिल्लक नव्हता का रे?" दादा हसून म्हणाले, "आई, काळ्या रंगात आपले तोंड दिसते." त्यांचे म्हणणे खरे होते. पहिली दोन वर्षे त्या गाडीच्या दारापुढे उभे राहून आम्ही भांग सारखा केल्याचे आम्हांस स्मरते. त्या काळी सारखा करण्याइतके केस होते, हे ओघाने आलेच.

दादा २०२२ च्या नोव्हेंबरात गेले. वहिनी लोकमान्य नगरातील घरी एकट्या राहिल्या. कन्या पुण्यास, आपल्या संसारात. वहिनींना गाडी चालविता येत नाही, आणि ती काढून टाकण्याचा विषय दोन वर्षे कोणीच काढला नाही. पत्र्याच्या छपरीखाली कापडी खोळ घालून ती उभी असे. आमचे बिऱ्हाड राजेंद्र नगरात. रोज सकाळी शाळेपूर्वी स्कूटरने वहिनींकडे जायचे, खोळ काढायची, गाडी चार हात पुढेमागे करायची, कोरड्या फडक्याने नखशिखान्त पुसायची, पुन्हा खोळ चढवायची, वहिनींच्या हातचा चहा घ्यायचा आणि शाळा गाठायची, असा आमचा क्रम पडून गेला. आजारपण आणि परीक्षांचे दिवस सोडले तर तो क्वचितच चुकला. तीस वर्षे फळा पुसण्यात गेलेल्या हातास कोरडे फडके हे काही परके शस्त्र नव्हे. दादांच्या वस्तूची एवढी तरी सेवा आपल्या हातून घडते आहे, याचे आम्हांस मोठे समाधान वाटे. ते समाधान कितीला पडले, हेच येथे सांगावयाचे आहे.

२०२४ च्या डिसेंबरात वहिनींनी स्वतःच गाडी विकण्याचे काढले. दादांच्या शेवटच्या दुखण्यात वहिनींच्या ग्वाल्हेरच्या भावाने दोन लक्ष रुपये पाठविले होते. त्याने ते कधी मागितले नाहीत; परंतु आता त्याच्या मुलीचे लग्न ठरले होते, आणि न मागणाऱ्याचे देणे आधी फेडावे हा वहिनींचा बाणा. जुन्या गाड्यांचा एक व्यापारी येऊन गेला. त्याने इंजिन पाहिले, टायर पाहिले, कागद पाहिले, सर्व यथास्थित. मग त्याने गाडी छपरीतून उन्हात काढली आणि काही न बोलता आम्हांस जवळ बोलाविले. बॉनेटवर सूर्याचे प्रतिबिंब पडले होते. त्याच्या सभोवार, कोळ्याने जाळे विणावे तशा, शेकडो रुपेरी वलयरेषा चमकत होत्या. दारांवर तेच. छतावर तर जाळ्यावर जाळे. "रंग गेला, मास्टरसाहेब," तो आपल्या हिंदीत म्हणाला, "गाडी दोन लाखांची, रंगाचे पंचवीस हजार वजा." छपरीच्या सावलीत जे आम्हांस दोन वर्षे दिसले नव्हते, ते दहा पावलांवरच्या उन्हात दिसले. वहिनी ओटीवर उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी आम्ही चहा न घेताच निघालो.

ही वलये म्हणजे काय, याचा छडा लावण्यात आमचा एक आठवडा गेला. मोटारींच्या जगात त्यांस 'स्वर्ल मार्क' म्हणतात. आम्ही मराठीत कोळिष्टके म्हणू. पहिला शोध असा लागला की, ती वलये मुळी वलये नसतातच. रंगाच्या पृष्ठावर सर्व दिशांनी गेलेले सूक्ष्म ओरखडे असतात. त्यांपैकी जे प्रकाशाच्या रोखास आडवे पडतात तेवढेच चमकून डोळ्यांपर्यंत येतात, आणि अशा आडव्या रेषा दिव्याभोवती एकत्र दिसल्या की वर्तुळांचा भास होतो. विजेरी डावीकडे सरकवावी, तो जाळेही डावीकडे सरकते. उजवीकडे न्यावी, तो उजवीकडे. कोळी जणू विजेरीतच बसलेला! ज्यांच्या घरी काळी गाडी नाही त्यांनी स्टीलचे जुने ताट दिव्याखाली धरून हा प्रयोग करून पाहावा. पांढऱ्या गाडीवरही ओरखडे तेवढेच असतात, फक्त ते डोळ्यांत भरत नाहीत. मातोश्रींच्या प्रश्नातील शहाणपण आम्हांस नऊ वर्षांनी उमगले.

दुसरा शोध अधिक कडू होता. ओरखडे कशाचे? मांजरीच्या नखांचे नव्हेत, पोरांच्या क्रिकेटचे नव्हेत, बव्हंशी फडक्याचे. आमच्या इंदूरने २०१७ पासून देशातील स्वच्छतेच्या सर्वेक्षणात सलग कित्येक वर्षे पहिला क्रमांक पटकाविला, याचा आम्हांस रास्त अभिमान आहे. परंतु म्हणून माळव्याची धूळ काही सेवानिवृत्त झालेली नाही. शेजारी घर बांधावयास निघाले की नर्मदेची वाळू रस्त्यावर येऊन पडते, आणि त्या वाळूतला गारगोटीचा कण तर काचेवरही ओरखडा काढील इतका कठीण. असे कण गाडीवर बसलेले असताना त्यांवर कोरडे फडके दाबून फिरवावयाचे, म्हणजे सुताराचा काचकागदच फिरवावयाचा. खोळही निर्दोष नव्हती. तिच्या आतल्या अंगास धूळ बसते आणि वाऱ्याने ती फडफडली की तीही आपल्या परीने घासत राहते. रात्री आम्ही हिशेब मांडला. दोन वर्षे, सुट्या व खाडे वजा जाता, निदान सहाशे वेळा आम्ही दादांची गाडी काचकागदाने घासली होती.

आमच्या देवघरात पितळेचा एक रांगता बाळकृष्ण आहे, पणजोबांच्या वेळचा. चार पिढ्यांच्या सासुरवाशिणींनी चिंच आणि राख लावून त्यास सणासुदीला असा लख्ख घासला की, आज त्यास नाक नाही, डोळे नाहीत, आणि हातातील लोण्याचा गोळा व बोटे एकजीव झाली आहेत. कोणी हयगय केली म्हणून हे झाले नाही. प्रत्येकीने मनोभावे सेवा केली म्हणून झाले. त्या रात्री आम्ही देवघरात जाऊन त्याच्याकडे बराच वेळ पाहत बसलो. तो हसत असावा. पण मुद्रा झिजल्यामुळे निश्चित सांगता येत नाही.

असो. पंचवीस हजारांचा खड्डा आमच्या हातून पडला, तेव्हा तो बुजविणेही आमच्याकडेच आले. प्रथम एका मोठ्या, वातानुकूलित दुकानात चौकशी केली. नुसती कोळिष्टके काढण्याचे नऊ हजार. वर सिरॅमिकचा लेप द्यावयाचा तर बावीस हजार. पंचवीस वाचविण्यासाठी बावीस खर्चण्याचे उदाहरण आम्ही सातवीच्या मुलांसही घातले नसते. शेवटी एका माजी विद्यार्थ्याने आम्हांस एका वृद्ध रंगाऱ्याकडे नेले. डेंटिंग-पेंटिंगचे लहानसे दुकान. सारे त्यांस उस्ताद म्हणतात, आम्हीही म्हणू.

उस्तादांनी गाडीच्या दोन परीक्षा घेतल्या. पहिली नखाची. ओरखड्यावरून नख आडवे फिरवावयाचे. अडकले तर घाव खोल, पॉलिशने जावयाचा नाही. न अडकता निसटले तर आशा आहे. दुसरी पाण्याची. ओरखड्यावर पाण्याचा थेंब पसरावयाचा. ओला असेतो तो दिसेनासा झाला, तर जखम केवळ वरच्या कातडीची. आमची कोळिष्टके दोन्ही परीक्षांत उत्तीर्ण झाली. मग चहाच्या पेल्यावर त्यांनी जे सांगितले, त्याने आम्ही थोडे गंभीर झालो. गाडीच्या पत्र्यावर आधी गंज न चढू देणारा थर असतो, त्यावर अस्तर म्हणजे प्रायमर, त्यावर रंग, आणि सर्वांवर काचेसारखा पारदर्शक लेप. उस्ताद त्यास 'क्लिअर' म्हणतात. चारही थर मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा-दहावा हिस्सा. त्यात पारदर्शक लेपाचा वाटा चाळीस-पन्नास मायक्रॉनांचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बहुधा कमी. गाडीची सारी झळाळी या एवढ्याशा लेपात, आणि कोळिष्टकेही त्यातच.

लोकांस वाटते, आम्हांसही वाटत होते, की पॉलिश म्हणजे ओरखडे बुजविणे. वास्तविक ते नेमके उलट आहे. ओरखड्याच्या दोन्ही काठांचा लेप झिजवीत झिजवीत त्याच्या तळाच्या पातळीस आणावयाचा, म्हणजे ओरखडा संपतो. हलक्या पॉलिशने एखादा मायक्रॉन जातो, जोरकस कंपाउंडने तीन-चारही जातात. उन्हातील अतिनील किरणांपासून खालचा रंग राखणारी द्रव्येही याच लेपात घातलेली असतात. तो फार झिजला की काही उन्हाळ्यांत पांढुरके चट्टे पडतात आणि पापुद्रे सुटू लागतात. म्हणजे आमच्या बाळकृष्णाचेच प्रकरण! जुन्या अँबेसेडर, पद्मिनी गाड्यांस असा वेगळा लेप बहुधा नसे. त्या घासताना फडक्यास गाडीचाच रंग लागे, आणि कोणी घाबरत नसे. आजच्या गाडीचा रंग फडक्यास लागला, तर लेप संपला असे समजून हात तेथेच थांबवावा.

उस्ताद गाडीच्या सर्व रंगकामास अजून 'डुको' म्हणतात. डुको हे ड्यू पाँट या अमेरिकन कंपनीने १९२० नंतरच्या दशकात बाजारात आणलेल्या, झटपट वाळणाऱ्या लॅकरचे नाव. ते लॅकर मागे पडले, नाव आमच्या गल्लीबोळांत राहिले. आणि लॅकर हा शब्द तरी कोठला? पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपात गेलेली आपलीच लाख, म्हणजे संस्कृतातली लाक्षा! मराठीत एम. ए. करून हिंदी शाळेत आयुष्य काढलेल्या माणसाचे भाषाशास्त्र असे अवचित कामास आले, तेव्हा आम्ही हे सारे उस्तादांस मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी आदराने ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, आधी हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा."

बॉनेट आणि छत नव्याने रंगवूनच टाकू काय, असेही आम्ही विचारले होते. रंगविण्यावर ज्यांचे पोट, त्या गृहस्थांनी मान हलविली. कारखान्यात नुसता पत्र्याचा सांगाडा असतो, तो भट्टीत घालून सुमारे १४० अंशांवर रंग भाजून पक्का करतात. तयार गाडीत रबर, प्लास्टिक, तारा असतात. तिला दुकानात साठ-सत्तर अंशांपलीकडे नेता येत नाही. "कंपनीचा रंग एकदाच मिळतो, साहेब. तो जितका वाचेल तितका वाचवा." पाच हजारांचे काम त्यांनी अशा रीतीने सोडून दिले, आणि चहाचे पैसेही आम्हांस देऊ दिले नाहीत.

सामान आम्ही सियागंज आणि आसपासच्या बाजारांतून हिंडून जमविले. गाडीचा शाम्पू २८० रुपये, धुण्याचा मऊ हातमोजा २२०, मायक्रोफायबरची चार फडकी ३६०, क्ले नावाची मळलेल्या कणकेसारखी वडी ४००, कंपाउंड व बारीक पॉलिश मिळून ९००, फोमच्या हातगाद्या १५०, चिकटपट्टी ६०, आणि गाडीच्या रंगाची लहान बाटली ३५०. एकंदर २,७२० रुपये. बादल्या घरच्या, हातही घरचेच.

फुकट सल्ल्यांचा खर्च यात धरलेला नाही. एका शेजाऱ्यांनी टूथपेस्ट सुचविली. टूथपेस्टमध्ये दात घासणारी बारीक पूड असते, म्हणून तीही थोडे झिजविते खरी. पण किती, कसे, याचा धरबंद नाही, आणि मागे धुरकट डाग राहतो. दुसऱ्यांनी रॉकेलचा बोळा सांगितला. रॉकेलाने गाडी संध्याकाळपर्यंत नवऱ्यामुलासारखी चमकते आणि दुसऱ्या दिवशी त्या तेलकटीवर दुप्पट धूळ बसते. आमच्या चिरंजीवांचा आग्रह घासण्याचे विजेचे यंत्र भाड्याने आणण्याचा होता. डळमळत फिरणारी, नवशिक्यास क्षमा करणारी यंत्रे असतात. परंतु भाड्याने मिळत होते ते एकाच जागी गरगर फिरणारे. उस्ताद म्हणाले, ते नवशिक्याच्या हाती म्हणजे कडेचा रंग दोन क्षणांत जळालाच समजा. आम्ही हातानेच करावयाचे ठरविले. वेळ आमच्याकडे होता. नाताळच्या सुट्या लागत होत्या.

पहिल्या रविवारी नुसते धुणे झाले. वाचकहो, धुणे हेच या विद्येचे मूळ, म्हणून दोन शब्द अधिक. गाडी सावलीत, पत्रा थंड असताना धुवावी. आधी नुसते पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यावी. हात त्यानंतर लावावा. बादल्या दोन घ्याव्यात, एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. हातमोजा गाडीवर फिरला की आधी साध्या पाण्यात खळबळून त्यातली माती खाली बसू द्यावी, मगच शाम्पूत बुडवावा. आरंभ छतापासून, शेवट चाकांपाशी. कारण खरी वाळू खाली असते. कपड्यांची पूड आणि भांड्यांचा साबण या कामी वर्ज्य. पुसताना फडके दाबू नये, ओल्या पृष्ठावर पसरून अलगद ओढावे. बोअरचे जड पाणी असेल तर अंगावर वाळू देऊ नये, ठिपके उमटतात. धुऊन झाल्यावर आम्ही पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून रंगावरून बोटे फिरविली. डोळ्यांस निर्मळ दिसणारी गाडी बोटांस खरखरीत लागत होती. ही रंगात रुतून बसलेली घाण क्लेने निघते. साबणाचे पाणी शिंपडत ती वडी हलके फिरवावयाची, मळली की घडी घालून नवी बाजू काढावयाची. आमची वडी एकदा जमिनीवर पडली. अशी पडलेली वडी वाळूचे कण उचलते, म्हणून फेकून द्यावी असा दंडक आहे. चारशे रुपयांची वडी फेकताना हात जड झाला. सुदैवाने आम्ही ती आधीच दोन तुकडे करून ठेवली होती.

त्यानंतरचे पाच दिवस जिल्हईचे. (हा सुरेख शब्द आता आमच्या घरातही कोणास ठाऊक नाही, पॉलिश म्हटले की सर्वांस समजते.) प्लास्टिकच्या पट्ट्या आणि पत्र्याच्या उभ्या कडा चिकटपट्टीने झाकल्या, कारण कडांवर लेप सर्वांत पातळ असतो. मग एका कोपऱ्यात वीतभर जागेवर प्रयोग. आधी बारीक पॉलिश. त्याने भागले नाही तेव्हाच कंपाउंड. फूटभर चौरस जागा, गादीवर वाटाण्याएवढे चार ठिपके, आणि मध्यम दाबाने सरळ रेषांत, आधी उभे, मग आडवे. गोल गोल फिरविण्याची उर्मी आवरावी. दोन-तीन मिनिटांनी पुसावे, विजेरी धरावी, पाहावे. पहिल्याच वीतभर जागेत जाळे विरळ झाले आणि आत, खोल, आमचे तोंड दिसले. वय झालेले, परंतु स्पष्ट.

तिसऱ्या दिवशी दंड इतका भरून आला की फळ्यावर तारीखही लिहवली नसती. वहिनी मधूनमधून ओटीवर येत, पाण्याचा तांब्या ठेवून जात. आम्ही काय करतो आहोत हे त्यांना दिसत होते. का करतो आहोत हे आम्ही सांगितले नव्हते.

चौथ्या दिवशी आमची परीक्षा झाली. बॉनेट असे उतरले होते की आम्ही स्वतःवर प्रसन्न झालो. तेवढ्यात उस्तादांनी सांगितलेली शेवटची कसोटी आठवली. पॉलिशमध्ये तेले असतात. ती ओरखड्यांत बसून त्यांना तात्पुरते झाकतात. खरे रूप पाहावयाचे तर आयसोप्रोपिल अल्कोहोलात पाणी मिसळून पृष्ठ पुसावे. २०२१ सालच्या करोनाच्या दिवसांतली एक बाटली कपाटात होतीच. पुसले, आणि आमच्या डोळ्यांदेखत निम्मे जाळे परत आले.

त्या संध्याकाळी बाजारातील एका दुकानदाराने आम्हांस एक बाटली दाखविली. तिच्यात झिजविणारे काही नाही. ओरखड्यांत भरून बसणारा एक चिकण पदार्थ फक्त. अर्ध्या तासात गाडी आरशासारखी, आणि चार-सहा धुण्यांपर्यंत तशीच. "विकायची आहे ना? मग हेच घ्या," तो म्हणाला. किंमत साडेचारशे. आम्ही ती बाटली हातात धरून बराच वेळ उभे होतो, हे कबूल केले पाहिजे. पंचवीस हजार वहिनींचे होते. ग्वाल्हेरचे लग्न फाल्गुनात होते. आणि गाडी घेणारा कोण, कोठला, आपल्यास काय ठाऊक? पैशाचे पाकीट हातात आले होते. मग डोळ्यांपुढे आला तो आमच्यासारखाच कोणी मास्तर, पहिल्या पावसाळ्यानंतर उन्हात उभा, आपल्याच हातून हे जाळे पडले असे समजून खंत करणारा. आम्ही बाटली परत ठेवली. दुकानदारास आमचा फार राग आला नाही. त्याने ती लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकास विकली.

बॉनेट पुन्हा केले. अल्कोहोलाने पुसून, पाहून, जेवढे खरोखर गेले तेवढेच गेले असे धरून. अखेरीस रुपयात दहा-अकरा आणे काम झाले. उरलेले पाच-सहा आणे आम्ही मुद्दाम सोडले. ते काढण्यापेक्षा तो लेप पुढच्याच्या उन्हाळ्यांसाठी राहिलेला बरा. शेवटी राखणीसाठी मेणाचा पातळ हात दिला.

एक ओरखडा मात्र पॉलिशच्या पलीकडचा होता. मागील दाराच्या खालच्या कडेस, नख अडकावे असा, थेट अस्तरापर्यंत गेलेला. २०२१ च्या एप्रिलात ऑक्सिजनचे सिलिंडर मिळेनासे झाले तेव्हा दादा आणि वसाहतीतील दोन तरुण याच गाडीतून ते शेजाऱ्यांकडे पोहोचवीत असत. त्यांतील एकाच्या बुडाने तो काढला होता. पत्रा उघडा पडला की पावसाळ्यात गंज धरतो, म्हणून काडीच्या टोकाने त्यात रंग भरला, वाळू दिला, पुन्हा भरला. गंजापासून तो वाचेल. दिसतो अजून. वहिनींनी तेवढ्यापुरते विचारले, "तो पुरता घालवता आला नाही ना?" आम्ही नाही म्हणालो. त्या "बरे" म्हणून आत गेल्या.

गिऱ्हाईक देवासचे आले; पतिपत्नी, दोघेही सरकारी दवाखान्यात नोकरीस. त्यांना सायंकाळी सहाची वेळ सोयीची होती. सहाच्या उजेडात कोणतीही गाडी देखणी दिसते. आम्ही रविवारी सकाळी अकरास बोलाविले, गाडी उन्हात उभी केली आणि हाती विजेरी दिली. उरलेली जाळी कोठे आहेत, मागल्या दाराची रेषा कशाची, छतावर कंपाउंड किती वेळा फिरले आहे आणि पुढे ते का फिरवू नये, हे सर्व सांगितले. बाई म्हणाल्या, "गाडी विकणारे असे सांगत नाहीत हो." तिचे पती बराच वेळ रेषेवरून बोट फिरवीत होते. व्यवहार एक लक्ष नव्वद हजारांवर ठरला. उरलेले दहा हजार आम्ही घालण्याचे म्हटले, तर वहिनींनी ऐकले नाही. त्यांनी ते आपल्या पेन्शनच्या पैशांतून घातले आणि ग्वाल्हेरला पुरते दोन लक्ष धाडले.

गाडी गेली त्या सकाळी आम्ही त्यांच्यापुढे सर्व कबूल केले. जाळे आमच्या कोरड्या फडक्याचे, दहा हजारांचे नुकसानही आमचेच.

वहिनी तांदूळ निवडीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला ठाऊक होते, भाऊजी. ह्यांनी गाडीला कधी कोरडे फडके लावू दिले नाही. आधी बादलीभर पाणी ओतायचे. तुम्हीच नाही का हसायचात, पाणी वाया घालवतो म्हणून?"

"मग दोन वर्षे बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर तुम्ही रविवारी येऊन धुऊन गेला असतात." त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूस ठेवला. "रोज कशाला आला असतात?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. चहा झाला होता, तो आम्ही घेतला.

पत्र्याच्या छपरीत आता तुळशीच्या दोन कुंड्या आल्या आहेत, आणि सकाळी पाऊण तास आमची स्कूटर उभी असते. तिच्यावर धूळ बरीच बसली आहे, असे शाळेतील शिपाई म्हणतो.